उत्खननाच्या छावणीतील विद्यार्थी : नागपूर परिसरातील क्षेत्रकार्याच्या संदर्भात

विदर्भातील शेतकऱ्याच्या बोलण्यात जमिनीचे दोन भाग असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. जेथे माणसांच्या अनेक पिढ्या राहिल्या, चुली पेटल्या, मातीच्या भिंती पडल्या आणि त्यांच्याच ढिगावर पुन्हा उभ्या राहिल्या, तेथील माती राखेने फिकी पडते, हे निरीक्षण कोणत्याही पुरातत्त्वज्ञाच्या आधी शेतकऱ्याने केलेले आहे. उजाड पडलेल्या जुन्या वस्तीचे टेकाडही त्याच्या लेखी पांढरीच असते, आणि घर सारवायला किंवा शेतात टाकायला तेथील माती तो बिनदिक्कत गाड्या भरून नेतो. प्राचीन भारतीय इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी उत्खननाच्या छावणीत प्रथम येतो, तेव्हा वाकाटकांची वंशावळ त्याला मुखोद्गत असते, ब्राह्मी लिपी थोडीफार वाचता येते, परंतु मातीचे हे दोन रंग त्याच्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. छावणीतील त्याच्या शिक्षणाचा आरंभ येथून होतो.

या शिक्षणाकडे सहल किंवा परीक्षेच्या गुणांसाठीचा एक सोपस्कार म्हणून पाहण्याची वृत्ती कधीकधी आढळते. ती चुकीची का आहे हे समजण्यासाठी नागपूरच्या आसपास पूर्वी झालेल्या खोदकामाकडे पाहावे लागते. शहराच्या पश्चिमेस काटोल मार्गालगत जुनापाणी येथे शिळावर्तुळांचा मोठा समूह आहे. मोठमोठे धोंडे गोलाकार रचून, आत माती व गोटे भरून केलेली ही लोहयुगीन थडगी. त्यांपैकी काही रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ च्या सुमारास उकरली. लोखंडी कुऱ्हाडी, शस्त्रे, घोड्याचे लगाम अशा वस्तू त्यांतून निघाल्या व त्यांतील काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. त्याने आपल्या कामाचे वर्णन प्रसिद्ध केले, हे त्याचे ऋण मान्य करावयास हवे. तथापि कुऱ्हाड हाडांच्या कोणत्या बाजूस होती, लगाम भरावाच्या वरच्या भागात होता की तळाशी, मडकी आधी ठेवली की नंतर, या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे आज त्या वस्तूंवरून मिळत नाहीत. वस्तू शिल्लक राहिल्या, त्यांची जागा नाहीशी झाली. जी वर्तुळे त्या वेळी उकरली गेली ती पुन्हा उकरता येणार नाहीत.

थर पाहून खणण्याची शिस्त भारतात रुजली ती प्रामुख्याने सर मॉर्टिमर व्हीलर यांच्या कारकिर्दीत. १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालकपद स्वीकारल्यावर त्यांनी त्याच वर्षी तक्षशिला येथे प्रशिक्षणाची छावणी उघडली व त्या छावणीतून ब्रजबासी लाल, बालकृष्ण थापर, मधुसूदन देशपांडे यांच्यासारखी पिढी तयार झाली. याच थापर यांनी पुढे १९६१-६२ मध्ये जुनापाणीची तीन वर्तुळे शास्त्रशुद्ध रीतीने उकलली. रिव्हेट-कार्नॅक आणि थापर यांच्यामध्ये सुमारे पंचाण्णव वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात जे बदलले त्याचे मूळ एका विद्यार्थी-छावणीत आहे. दुसरा धागा पुण्याहून येतो. हसमुख सांकळिया हे लंडनला संशोधनासाठी गेले असता मेडन कॅसल येथील व्हीलर यांच्या उत्खननात शिकाऊ म्हणून काम करून आले. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात जे उत्खनन केले त्यात शांताराम भालचंद्र देव हे त्यांचे सहकारी होते, आणि डॉ. देव नागपूर विद्यापीठात आल्यानंतर विदर्भातील उत्खननांना एक सलग मालिकेचे स्वरूप आले. वर्धा जिल्ह्यातील पवनार (१९६७), नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट व खापा (१९६८-६९), वैनगंगेकाठचे पवनी (१९६९-७०, सर्वेक्षण विभागाच्या सहकार्याने), नागपूरच्या वायव्येस असलेले माहुरझरी (१९७०-७२), मराठवाड्यातील भोकरदन (१९७३) ही स्थळे एकामागून एक हाती घेतली गेली. नंतर अजयमित्र शास्त्री यांच्या काळात मांढळचे वाकाटककालीन अवशेष उजेडात आले. एखाद्या विद्यापीठीय विभागाने इतक्या थोड्या वर्षांत इतक्या जागी खणावे, हे विद्यार्थ्यांच्या हातांवाचून शक्य नव्हते.

उत्खननाची तयारी कागदांपासून सुरू होते. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीच्या कायद्यानुसार विद्यापीठालाही परवाना घ्यावा लागतो. मग जमीनमालकाची संमती, पिकाची नुकसानभरपाई, ग्रामपंचायतीशी बोलणी. हा सारा व्याप विभागप्रमुखांचा असला, तरी विद्यार्थ्याने तो जवळून पाहिलेला बरा, कारण पुढे त्यालाच तो करावयाचा असतो. हंगाम ठरतो तो पाऊस आणि ऊन या दोहोंनी. दिवाळीच्या आधी काळी माती इतकी चिकट असते की थरांच्या रेषा उमटत नाहीत आणि होळीनंतर ती इतकी कडक होते की टिकाव उसळून परत येतो. मधले तीन-चार महिने हाच कामाचा काळ आणि विद्यापीठाच्या सत्राचा बहुमोल भागही नेमका तोच. त्यामुळे नागपूरकडील छावणीत पुस्तके, परीक्षेच्या टाचणांच्या वह्या आणि खापरांच्या पिशव्या एकाच राहुटीत नांदतात.

टेकाडावर प्रथम दोऱ्या व खुंट्यांनी चौकोनांची जाळी आखली जाते. प्रत्येक खुंटीला अक्षर व आकडा असतो. एका कायम स्थिर बिंदूपासून सर्व उंची-खोली मोजावयाची, हे पहिल्याच दिवशी ठरते. दोन चौकोनांच्या मध्ये न खणलेल्या मातीची भिंत राखून ठेवतात व छावणीच्या बोलीत तिला "बॉक" म्हणतात. नव्या विद्यार्थ्यास ही भिंत अडथळा वाटते. घमेली नेणाऱ्या बाया तिच्यावरून ये-जा करतात, एवढाच तिचा उपयोग त्याला दिसतो. खाली दीड-दोन मीटर गेल्यावर मात्र त्याच्या ध्यानात येते की चरातील माती तर उचलून बाहेर टाकली, आता त्या मातीचा जो एकच साक्षीदार उभा आहे तो या भिंतीचा उभा छेद होय.

चरावरील विद्यार्थ्याचे काम खणण्याचे क्वचितच असते. खणतात ते गावातील मजूर, आणि त्यांतले जे दोन-तीन हंगाम काम केलेले असतात त्यांचा हात व डोळा विद्यार्थ्याहून कितीतरी पुढे असतो. टिकाव मारता मारता आवाज बदलला, माती पोकळ लागली, ओल वेगळी वाटली, हे ते चटकन सांगतात. विद्यार्थ्याकडे असते ती थापी, मोजपट्टी, ओळंबा, कुंचला, चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि वही. मजुराने सांगितलेले नीट ऐकणे व ऐकलेले तपासून वहीत उतरवणे हे त्याचे खरे काम. जो विद्यार्थी आपण पदवीधर आहोत या भानातून पहिल्या आठवड्यात बाहेर पडत नाही, त्याच्या चराची नोंद बहुधा कच्चीच राहते.

थर ओळखणे हा या शिक्षणाचा कठीण भाग आहे आणि विदर्भाच्या मातीत तो विशेषच कठीण होतो. पुस्तकातील आकृतीत थर निरनिराळ्या रेघोट्यांनी स्पष्ट दाखवलेले असतात. प्रत्यक्षात काळसर तपकिरी मातीखाली किंचित अधिक काळसर तपकिरी माती असते. म्हणून छेद पाहावयाचा तो सकाळच्या तिरप्या उन्हात. पृष्ठभाग थापीने ताजा तासून, त्यावर पाण्याचा हलका फवारा मारला की राखेची पट्टी, तुडवलेल्या जमिनीची बारीक रेघ, पुराच्या रेतीचा पातळ थर काही क्षण उठून दिसतात. तेवढ्यात रेषा कोरून घ्यावी लागते, आणि वाळल्यावर ती रेषा खरी होती की नव्हती यावर वाद होतो. अनुभवी मार्गदर्शक त्या वादात लगेच निकाल देत नाही. दोघा विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे रेषा आखावयास लावून मग त्या ताडून पाहणे, हा त्यावरचा चांगला उपाय आहे.

काळ्या मातीचा आणखी एक दुर्गुण असा की ती उन्हाळ्यात भेगाळते. या भेगा कधी हातभर, कधी कमरेइतक्या खोल जातात व पहिल्या पावसात पुन्हा मिटतात. मिटण्यापूर्वी वरच्या थरातील एखादा मणी, नाणे, कोळशाचा तुकडा किंवा धान्याचा दाणा त्यांतून खाली उतरतो आणि शतकानुशतके मागे जाऊन बसतो. उंदरांची बिळे तेच काम करतात. मानवाने खणलेले खड्डे तर याहून फसवे. वरच्या थरातील लोकांनी धान्याचे पेव खणले की त्याचा तळ खालच्या, कितीतरी जुन्या थरात पोचतो, आणि त्या तळाशी सापडलेली वस्तू खोलीने जुनी असली तरी काळाने नवीनच असते. समजा, अशा पेवाच्या तळाशी एक सातवाहन नाणे मिळाले आणि पेवाची कड विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटली. चिठ्ठीवर थर चौथा असे लिहिले जाईल. चौथ्या थरातील लोखंडी हत्यारे, काळी-तांबडी खापरे सर्व काही त्या नाण्याच्या बळावर कित्येक शतके अलीकडे ओढले जाईल. अहवाल लिहिणारा प्राध्यापक कितीही विद्वान असो, चिठ्ठीतील चूक त्याला टेबलाशी बसून दुरुस्त करता येत नाही, कारण पेवाची ती कड तोवर मातीच्या ढिगात गेलेली असते.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. विदर्भात लोखंड केव्हापासून वितळवले जाऊ लागले, हा या प्रदेशाच्या आद्य इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे १९७७ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात लोखंड वितळवण्याची भट्टी, हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या व मळी अशी सामग्री मिळाली. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात येथील लोक लोखंडाच्या वस्तू केवळ वापरत नव्हते तर खनिजापासून धातू काढतही होते, याचा तो पुरावा. परंतु अशा स्थळांचा काळ ठरतो तो कोळशाच्या नमुन्यांच्या किरणोत्सारी कार्बन-मापनावरून, आणि प्रयोगशाळा सांगते ते त्या कोळशाचे वय. तो कोळसा भट्टीच्याच काळचा होता की भेगेतून आलेला, हे सांगणारा माणूस चरावर उभा असलेला विद्यार्थीच असतो. नमुना हाताने न उचलता थापीच्या टोकाने उचलावयाचा, मुळ्या व किडे काढावयाचे, तत्काळ गुंडाळून वर स्थान, खोली, थर व दिनांक लिहावयाचा, ही शिस्त वरवर पाहता कारकुनी वाटते. तिच्यावर शतकांचा हिशेब चालतो.

शिळावर्तुळाचे उत्खनन वस्तीच्या उत्खननाहून निराळ्या पद्धतीने करतात. वर्तुळाचे मध्यबिंदूतून जाणाऱ्या दोन रेषांनी चार भाग पाडून आधी समोरासमोरचे दोन भाग खाली नेतात व मधल्या भिंती राखतात, म्हणजे भराव कसा घातला याचे दोन काटकोनी छेद मिळतात. माहुरझरीसारख्या स्थळी यातून पुष्कळ कळले. मृताबरोबर ठेवलेल्या कुऱ्हाडी, छिन्न्या, मडकी, आणि घोड्याच्या अवशेषांसह तांब्याच्या पत्र्याचे त्याचे अलंकार यांचा परस्परसंबंध अशाच खणण्यातून स्पष्ट झाला. येथे कामाची गती एकाएकी मंदावते. कालपर्यंत फावडे चालत होते तेथे आज बांबूची सळई, दाभण आणि कुंचला. एकेका हाडाभोवतीची माती काढण्यात विद्यार्थ्याचा सबंध दिवस जातो, पाठ भरून येते व दिवसअखेर प्रगती म्हणून दाखविण्यासारखे फारसे काही नसते. अशा वेळी घाई करून हाड उचलण्याचा मोह ज्याला आवरतो त्याला हे क्षेत्र लाभते, असे म्हणावयास हरकत नाही.

थडग्यांवरून त्या लोकांचे मरण कळते, जगणे कळत नाही. विदर्भातील वर्तुळे शंभर वर्षे उकरली जात असूनही ती बांधणारे लोक राहत कोठे, हे पुष्कळ काळ अंधारात होते. खापा येथील वर्तुळे व टाकळघाट येथील वस्ती एकाच मोहिमेत उकलून त्यांची खापरे शेजारी ठेवल्यावर दोहोंचा संबंध जुळला. हा संबंध जुळला तो कोणत्याही झगझगीत वस्तूमुळे नव्हे. तो जुळला खापरांमुळे.

म्हणूनच छावणीतील खापरांच्या अंगणाला फार महत्त्व आहे, मग विद्यार्थी त्याला कितीही कंटाळोत. राहुट्यांच्या बाजूची सपाट जागा सारवून, तीवर चुन्याने चौकटी आखून, प्रत्येक चौकटीत एकेका चराच्या एकेका थराची खापरे पसरलेली असतात. चरावरून आलेली टोपली प्रथम पाण्यात भिजते. मऊ ब्रशाने माती निघते, पण रंगीत नक्षी निघणार नाही इतक्या हळू हाताने. वाळल्यावर प्रत्येक महत्त्वाच्या तुकड्यावर शाईने बारीक अक्षरांत स्थळाचे संक्षिप्त नाव, वर्ष, चर व थर लिहितात. मग वर्गवारी : काळी-तांबडी, तांबडी, अभ्रकाचा चुरा मिसळलेली, रंगचित्रित. काळे-तांबडे भांडे भट्टीत पालथे ठेवून भाजल्याने आतून व काठाशी काळे आणि बाहेरून तांबडे होते, असे सामान्यतः मानले जाते. हे पुस्तकात वाचलेले वाक्य हजारभर तुकडे हाताळल्यावरच बोटांना कळते. अभ्रकाची चमक उन्हात तिरके धरल्यावर दिसते. काठ आणि बूड यांचे तुकडे निराळे काढावयाचे, कारण भांड्याचा आकार त्यांवरून ठरतो. पोटाचे तुकडे मोजून, वजन करून नोंदवावयाचे. कोणत्या थरात कोणत्या जातीचे किती, या साध्या मोजणीच्या कोष्टकातून वस्तीचा काळक्रम हळूहळू आकार घेतो. एखादा थर इतर थरांशी विसंगत दिसू लागला की अंगणातून निरोप चरावर जातो आणि बहुतेक वेळा तेथे न ओळखलेला एखादा खड्डा सापडतो. अंगण आणि चर यांच्यातील हा संवाद रोजच्या रोज चालला पाहिजे. खापरे पोत्यात भरून विभागात नेऊन उन्हाळ्यात पाहू, असे जेथे ठरते तेथे ती पोती पुष्कळदा वर्षानुवर्षे तशीच पडून राहतात.

लहान वस्तू नजरेतून न सुटाव्यात यासाठी माती चाळणीतून काढतात. रामटेकजवळील नगरधन येथे राज्याच्या पुरातत्त्व विभागाने व डेक्कन कॉलेजने २०१५ ते २०१८ या काळात केलेल्या उत्खननात वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. वजनाने ती सात ग्रॅमसुद्धा नाही. नंदिवर्धन या वाकाटक राजधानीचे स्थान नगरधन येथे मानले जात होतेच. ताम्रपटांतून ज्ञात असलेल्या त्या राज्ञीचे नाव तेथील मातीतूनच वर आल्याने त्या मताला मोठा आधार मिळाला. टोपलीभर मातीच्या गोळ्यांतून असा एक गोळा ओळखणारी नजर व्याख्यानांतून तयार होत नाही.

सापडलेल्या वस्तूबद्दल मजुरास लहानसे बक्षीस द्यावे की नाही, यावर जुना मतभेद आहे. फ्लिंडर्स पेट्री यांनी इजिप्तमध्ये ही पद्धत चालवली होती. वस्तू लपवली जाऊ नये हा तिचा हेतू. तिचा धोका असा की दुसरीकडची वस्तू चरात आणून "सापडू" शकते. विद्यार्थ्याचे लक्ष जागे असेल तर बक्षिसाने फारसे बिघडत नाही आणि ते नसेल तर बक्षीस बंद करूनही काही साधत नाही.

गावाशी असलेले नाते हा छावणीच्या जीवनाचा मोठा भाग. कामाला नारळ फोडून आरंभ होतो. पहिल्या दोन-चार दिवसांतच गुप्तधनाची वार्ता पसरते, आणि मडक्याचे तुकडे जपून ठेवणारी शिकलेली माणसे काहीतरी लपवीत आहेत असा ग्रह होतो. हा ग्रह दूर करण्याचा एकच मार्ग म्हणजे गावकऱ्यांना चराशी बोलावून सर्व दाखवणे. शाळेतील मुले रांगेने येतात, म्हातारी माणसे येतात, आणि त्यांच्या बोलण्यातून कधी कधी उपयोगाची माहिती निघते : नांगराला कोठे विटा लागल्या, विहीर खणताना किती खोल राख लागली, कोणत्या शेतात पावसानंतर मणी वेचायला मिळतात. माहुरझरीसारख्या मण्यांच्या जुन्या उद्योगकेंद्रात तर या शेवटच्या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. समजावून सांगण्याचे हे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे. जे शेतकऱ्याला मराठीत सांगता येत नाही ते विद्यार्थ्याला स्वतःला समजलेले नसते.

राहणी साधी असते. पहाटे अंधारात घंटा, पितळी भांड्यातला चहा, सूर्योदयाला चरावर हजेरी. मजुरांचा हजेरीपट भरण्याचे कामही विद्यार्थ्याकडेच येते आणि आठवड्याच्या मजुरीचा हिशेब जुळवताना अनेकांना पहिल्यांदा पैशाची किंमत कळते. दुपारी वरण, भात, वांग्याची किंवा पालेभाजी, पोळ्या नाहीतर ज्वारीच्या भाकरी. माघाच्या सुमारास शेजारच्या शेतातून हुरडा येतो. पौषातील रात्री नदीकाठच्या राहुटीत हाडे गोठवणारी थंडी असते आणि दुपारी त्याच चरात टोपीवाचून उभे राहवत नाही. एका पंक्तीत जेवणे, पाणी भरणे, आजाऱ्याची शुश्रूषा, कोणाचे घोरणे सहन करणे, यांतून जातिपातीचे घरून आणलेले पुष्कळसे ओझे आपोआप गळते. मुलींना छावणीत पाठवण्यास पालक नाखूष असत. तो संकोच आता पुष्कळसा ओसरला असला तरी निराळी राहुटी, आडोसा व एखादी वडीलधारी अध्यापिका यांची सोय न करताच "मुली येत नाहीत" असे म्हणण्याची पद्धत अजून कोठे कोठे दिसते. गुजरातेतील लांघणजच्या कामात सांकळियांबरोबर डॉ. इरावती कर्वे यांनी मानवी सांगाड्यांचा अभ्यास केला, हे १९४० च्या दशकातले उदाहरण आहे. तेव्हा जे जमले ते आज न जमण्याचे कारण नाही.

रात्रीच्या जेवणानंतर दिवसाच्या नोंदी पुऱ्या होतात. वहीत काय लिहावे? काय सापडले हे तर लिहावयाचेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणता निर्णय कोणत्या कारणाने घेतला. रेषा येथे का मानली, खड्डा कोठून सुरू होतो असे वाटले, कोणत्या बाबतीत संशय उरला. खाडाखोड करू नये, चुकीची ओळ एका रेघेने खोडून तारीख घालून नवी लिहावी. "जुनी भिंत सापडली" असे लिहिणे व्यर्थ. विटांची लांबी-रुंदी-जाडी, सांधणीची माती, पाया कोणत्या थरात शिरला, भिंतीला टेकून कोणता थर साचला, हे लिहिले तर चाळीस वर्षांनी दुसरा कोणी त्या भिंतीचा काळ नव्याने ठरवू शकतो. उत्खनन ही एकदाच वाचता येणारी पोथी आहे आणि वाचता वाचता तिचे पान नष्ट होते. मागे राहतात त्या या वह्या, आराखडे आणि छायाचित्रे.

त्यामुळे वह्यांचे पुढे काय होते हा प्रश्न गंभीर आहे. पवनारचा अहवाल उत्खननानंतर वर्षभरात, १९६८ मध्ये निघाला. टाकळघाट-खापाचा १९७० मध्ये, पवनीचा १९७२ मध्ये, माहुरझरीचा १९७३ मध्ये आणि भोकरदनचा १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात कितीतरी उत्खननांचे अहवाल दशकानुदशके निघालेले नाहीत, हे लक्षात घेता ही तत्परता असामान्य म्हणावी लागेल, आणि चरावरील नोंदी रोजच्या रोज पुऱ्या झाल्यावाचून ती साधली नसती. परंतु अहवालात येते ते निवडलेले. मूळ वह्यांत त्याहून बरेच अधिक असते. त्या वह्या ग्रंथालयातील हस्तलिखितांइतक्याच जपून, सूची करून ठेवल्या पाहिजेत. तसेच ज्याने चर सांभाळला त्याचे नाव त्या चराच्या वर्णनाशी जोडलेले असावे. कौतुकासाठी नव्हे, तर नोंद कोणाच्या नजरेची आहे हे पुढील वाचकास कळावे म्हणून.

अलीकडे मोजमापासाठी टोटल स्टेशन, वरून छायाचित्रे घेण्यासाठी ड्रोन आणि नोंदींसाठी संगणक आले आहेत. जे काम दोघांना दोरी-पट्टीने अर्धा दिवस लागे ते काही मिनिटांत अधिक अचूक होते, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. एका गोष्टीत मात्र जुनी रीत सोडणे हिताचे नाही. छेदाचे रेखाटन विद्यार्थ्याने हाताने, आलेखाच्या कागदावर, दोरीची आडवी रेषा बांधून करावे. छायाचित्र सर्व काही टिपते, म्हणून काय पाहावे हे ते सांगत नाही. हाताने रेघ ओढताना ती कोठे वळवावयाची हे ठरवावेच लागते, आणि ठरवण्यासाठी मातीकडे पुन्हा पाहावे लागते.

नागपूरच्या विद्यार्थ्यांपुढे आणखी एक काम आहे, आणि ते उत्खननाहून निकडीचे आहे. शहर पश्चिमेकडे व दक्षिणेकडे वाढत आहे. शिळावर्तुळांचे धोंडे खाणीसाठी, रस्त्यासाठी, बांधासाठी सहज उचलले जातात, कारण पाहणाऱ्यास ते शेतातले दगडच वाटतात. पांढरीची टेकाडे मातीसाठी पोखरली जातात. एक हंगाम एका स्थळी खणण्याइतकेच मोल गावोगाव पायी फिरून वर्तुळे मोजण्यास, त्यांची स्थाने नकाशावर घालण्यास व गट क्रमांकांसह तलाठ्याच्या दप्तराशी ताडण्यास आहे. याला खर्च थोडा, आणि दोन विद्यार्थी एका सुट्टीत एखाद्या तालुक्याचा चांगला भाग पुरा करू शकतात. पदव्युत्तर प्रबंधिकांचे विषय ठरवताना विभागांनी याचा विचार अवश्य करावा.

हंगाम संपताना उरलेले काम शांतपणे करावे लागते. छेदांची शेवटची छायाचित्रे व रेखाटने झाली, भिंतींवर खोचलेल्या थरांच्या चिठ्ठ्या उतरवल्या की चर बुजवतात. तळाशी रेती किंवा प्लॅस्टिकची चादर पसरून, कोठपर्यंत खणले होते याची खूण ठेवतात. काही ठिकाणी चालू वर्षाचे एखादे नाणेही टाकतात, म्हणजे पुढे कोणी येथे पुन्हा खणले तर आपण कोणाच्या चरात उतरलो हे त्याला समजेल. मग ढिगाची माती पुन्हा खाली जाते, मालकाला शेत परत मिळते, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच्यावर पुन्हा पीक उभे राहते.